पट्टीचे वेढे

23 एप्रिल 2021, शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा. सांगलीच्या घरी आतल्या खोलीत आप्पा पालथे झोपले होते. बोटाला ऑक्सिमीटर. आकडा 92, मध्येच 91, पुन्हा 92. नव्वदच्या खाली गेला तर लगेच फोन करा, असं डॉक्टर म्हणाले होते. फोन केल्यावर ते काय करणार, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. बेड कुठेच मिळत नव्हते. दोनच दिवसांपूर्वी नाशिकच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसच्या वर माणसं गेली होती, आणि त्या पांढऱ्या लोटांचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. आई आप्पांच्या पायाशी खुर्ची टाकून बसलेली. मी उंबऱ्याबाहेर, एका कानात इअरफोन, दुसरा कान खोलीकडे.

आणि मी बघत काय होते, तर चंद्रावरची गोळाबारी.

अशा रात्री माणसाने काय बघावं याला काही नियम नसतो. शेजारच्या काकू त्या दिवसांत रोज रात्री पाककृतींचे कार्यक्रम लावून बसायच्या, आणि त्यांच्या घरात तेव्हा कुणालाच चव लागत नव्हती. माझं हे होतं. भाचीने तिच्या खात्यावर लावून दिलेली 'फॉर ऑल मॅनकाइंड', दुसऱ्या सीझनचा दहावा आणि शेवटचा भाग, त्याच दिवशी आलेला. नऊ आठवडे दर शुक्रवारी एक भाग बघत आले होते, ते सोडवेना.

पुढे जाण्याआधी सांगून टाकते: या लेखात शेवट फुटणार आहे. बरीच वर्षं झाली त्याला. ज्यांना बघायचंय त्यांनी इथेच थांबावं.

मालिकेची कल्पना एका वाक्याची आहे. चंद्रावर पहिलं पाऊल रशियाचं पडतं. अपोलो 11 च्या काही आठवडे आधी अलेक्सी लिओनोव्ह तिथं उतरतो, हरलेली अमेरिका इरेला पेटते आणि शर्यत संपायचं नावच घेत नाही. 1971 मध्ये चंद्रावर बर्फ सापडतो. दक्षिण ध्रुवाजवळच्या शॅकल्टन विवराच्या काठावर जेम्सटाउन नावाचा तळ उभा राहतो. (आपल्या खऱ्या जगात याच विवराजवळ 14 नोव्हेंबर 2008 रोजी चांद्रयान-1 ने सोडलेली एक पेटी आदळली, तिच्यावर तिरंगा रंगवलेला होता. मालिकेत शॅकल्टनचं नाव आलं की मी उगीच खुर्चीत सरसावून बसायचे, आपल्या गल्लीचा उल्लेख झाल्यासारखी.)

दुसरा सीझन 1983 मधला आहे. एव्हाना चंद्रावर खाणी आहेत, खाणींवरून भांडणं आहेत आणि पांढऱ्या रंगाच्या बंदुका घेतलेले अमेरिकन सैनिक आहेत. एक रशियन खिशातून काहीतरी काढायला जातो, सैनिक गोळ्या घालतात. तो काढत होता ते इंग्रजी वाक्यं लिहिलेलं कार्ड. माझ्या मते अख्ख्या सीझनमधला हा सगळ्यात भयंकर क्षण आहे, कारण त्यात कुणीच दुष्ट नाही. आणि हे फार ताणलेलंही वाटत नाही. खऱ्या 1983 मध्ये 26 सप्टेंबरच्या रात्री सोव्हिएत उपग्रहांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात इशारा वाजला की अमेरिकेने क्षेपणास्त्रं सोडली. स्टॅनिस्लाव्ह पेट्रोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने तो खोटा इशारा आहे असं ठरवलं आणि वर तसंच कळवलं. तो बरोबर होता. त्या रात्री मी आठ वर्षांची होते आणि सांगलीत गाढ झोपले होते.

शेवटच्या भागाचं नाव 'द ग्रे'. करडा. चंद्राची मातीही करडी आणि पुढे जी वस्तू येते तीही करडी.

भाग चार ठिकाणी चालतो. चंद्राच्या कक्षेत दोन लढाऊ यानं एकमेकांवर नेम धरून, पृथ्वीच्या कक्षेत अमेरिकेचं अपोलो आणि रशियाचं सोयूझ ही यानं जोडायची की नाही यावर घोळ, जमिनीवर ह्यूस्टनमध्ये धावपळ, आणि चंद्रावर जेम्सटाउनमध्ये घुसलेले रशियन. यातल्या पहिल्या तीन ठिकाणांबद्दल मी फार बोलणार नाही. कक्षेतला प्रसंग मला जमवून आणलेला वाटला. बरोब्बर शेवटच्या सेकंदाला शहाणपण सुचतं, तेही दोन्ही बाजूंना. अपोलो-सोयूझचं हस्तांदोलन खऱ्या इतिहासात 17 जुलै 1975 रोजी शांतपणे पार पडलं होतं, लिओनोव्ह आणि टॉम स्टॅफर्ड यांच्यात. मालिकेत ते आठ वर्षं उशिरा, युद्धाच्या तोंडावर, अंतराळवीर डॅनियल पूल वरचा हुकूम मोडून घडवते. छान आहे. डोळे पाणावतात. पण ते पाणी पाठ्यपुस्तकातल्या धड्याने यावं तसं येतं.

चंद्रावरचं मात्र वेगळं आहे. तिथं गॉर्डो आणि ट्रेसी स्टीव्हन्स अडकलेत.

गॉर्डो हा पहिल्या सीझनमध्ये याच तळावर मनाने कोलमडलेला माणूस. तेव्हा जेम्सटाउन म्हणजे जेमतेम एक खोली होती, आणि करमणुकीला एकाच विनोदी मालिकेच्या मोजक्या टेप, ज्या तिघांना तोंडपाठ झालेल्या. त्याला मुंग्या दिसायला लागतात. त्याची अब्रू झाकायला डॅनियल स्वतःचा हात मोडून घेते, म्हणजे परतीचं कारण तिचं ठरावं. पुढे दहा वर्षं हा माणूस पोट सुटलेला, पिणारा, जुन्या पराक्रमाची भाषणं देत फिरणारा. ट्रेसी त्याची बायको, स्वतः अंतराळवीर. तिने त्याचं बाहेरख्यालीपण पुरेसं सोसून घटस्फोट घेतलाय, दुसरं लग्न केलंय, टीव्हीवर झळकतेय आणि चंद्रावर चोरून सिगरेटी ओढतेय. गॉर्डो वजन उतरवून, भीती गिळून, तिला परत मिळवायला चंद्रावर आलाय. म्हणजे दोघंही तसे वाया गेलेले. अशी जोडपी आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एक तरी असते, लग्नाच्या पंगतीत ज्यांना शेजारी बसवायचं की नाही यावर यजमानांची कुजबुज चालते.

हल्ल्यात तळाच्या अणुभट्टीला थंड ठेवणारी यंत्रणा बिघडते. कुणीतरी बाहेर जाऊन एक जोडणी हाताने पूर्ववत केली नाही तर भट्टी वितळणार. आणि हे दोघं ज्या भागात आहेत तिथं अवकाशपोशाख नाहीत.

मग ते डक्ट टेप घेतात.

आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात तिला कुणी कापडी टेप म्हणतं, कुणी नुसतंच चंदेरी टेप. अंतराळवीर तिला ग्रे टेप म्हणत आले आहेत, आणि चंद्राच्या इतिहासात तिचं स्थान एखाद्या माणसाइतकं आहे. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 वर कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे एका यानात चौकोनी आणि दुसऱ्यात गोल होते. ते प्लास्टिकची पिशवी, नळी, पुठ्ठा आणि याच टेपने जुळवले गेले म्हणून तिघं जगले. डिसेंबर 1972 मध्ये अपोलो 17 च्या जीन सर्ननचा हातोडा अडकून गाडीच्या मडगार्डचा तुकडा निघाला. टेप लावली, ती धुळीमुळे चिकटेना. दुसऱ्या दिवशी जाड कागदाचे चार नकाशे टेपने एकमेकांना जोडून, चिमटे लावून मडगार्ड केलं. आमच्या आप्पांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "आधी पुसून घ्यायला पाहिजे होतं." चंद्रावरची धूळ पुसून जात नाही, हे त्यांना पटलं नाही.

तर हे दोघं एकमेकांना टेप गुंडाळतात. पाय, मांड्या, पोट, छाती. टेप उलगडल्याचा तो चर्रर्र आवाज. आणि मला काही तरी ओळखीचं दिसायला लागलं. चंद्रावर काय ओळखीचं असणार, म्हणून मी आधी दुर्लक्ष केलं.

हे कितपत खरं, असा प्रश्न कुणालाही पडेल. मलाही पडला, आणि ऑक्सिमीटरकडे बघत बसण्यापेक्षा वाचणं बरं म्हणून त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी रात्री मी ते वाचत राहिले. निर्वातात माणूस फुटत नाही. त्वचा चिवट असते. पण बाहेरचा दाब अगदी कमी झाला की अंगाच्या उबेलाच पाणी उकळतं. पृथ्वीवर ही पातळी साधारण 19 किलोमीटर उंचीवर येते. तिला आर्मस्ट्राँग रेषा म्हणतात, पण तो आर्मस्ट्राँग वेगळा, हॅरी, हवाई दलाचा डॉक्टर. रक्त नसांच्या आत दाबात असतं म्हणून लगेच उकळत नाही, पण मांसात वाफ धरते आणि अंग सुजायला लागतं. शुद्ध जायला फार तर पंधरा सेकंद. 1966 च्या डिसेंबरमध्ये ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात जिम लब्लाँ नावाच्या तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली. चौदाएक सेकंदांत तो कोसळला. शेवटचं त्याला आठवत होतं ते म्हणजे जिभेवरची लाळ बुडबुडायला लागली. लोकांनी हवा भरली, तो वाचला आणि कान दुखण्यापलीकडे त्याला फारसं काही झालं नाही.

आता गंमत अशी की शरीराला हवेचाच दाब हवा असतो असं नाही. दाब हवा. कशाचाही चालतो. श्वासाला मुखवट्यातून ऑक्सिजन द्या आणि बाकीचं अंग घट्ट लवचीक कापडात आवळा, काम होतं. पॉल वेब नावाच्या डॉक्टरने साठच्या दशकातच असा आवळणारा पोशाख करून बघितला होता. पुढे एमआयटीमध्ये डेव्हा न्यूमन यांनी त्याच वाटेने काम केलं. तेव्हा टेप गुंडाळून बाहेर पळणं ही निव्वळ लेखकाची लहर नाही. अडचण वेगळी आहे. गुंडाळलेल्या पट्टीचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही. ताण तोच ठेवला तरी बारीक घोट्यावर दाब जास्त बसतो आणि जाड मांडीवर कमी. आणि जिथं अंग आत वळतं, म्हणजे गुडघ्यामागची लवण, काख, पाठीचा पन्हाळ, तिथं पट्टी अधांतरी राहते. दाब शून्य.

"ताण तोच ठेवला तरी घोट्यावर जास्त बसतो." हे वाक्य वाचलं आणि मला कळलं की मला काय ओळखीचं वाटत होतं.

आप्पा छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. खिळ्यांच्या खणांच्या पेटीसमोर सकाळी आठपासून उभे, हातात ओळ जुळवायची स्टिक, डोळे हस्तलिखितावर. बोटांना खिळ्याचं घर न बघता सापडायचं. तीस वर्षं उभं राहून त्यांच्या दोन्ही पिंढऱ्यांवर शिरा गांडुळांसारख्या फुगल्या. डॉक्टरांनी क्रेप बँडेज सांगितलं, आणि एक अट घातली: सकाळी पाय खाली टेकवायच्या आत बांधायचं. एकदा उभं राहिलं की रक्त खाली उतरतं, मग बांधून उपयोग नाही.

त्यामुळे माझ्या लहानपणीच्या सकाळी अशा सुरू व्हायच्या. सहा वाजता आप्पा अंथरुणातच, पाय दोन उशांवर. आई आंघोळ करून, ओले केस पंच्यात बांधून खाली बसलेली. बोटांच्या मुळापासून सुरुवात. पावलाला दोन वेढे, घोट्याला आठाचा आकडा, मग वर चढत जायचं, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर. घोट्याशी हात घट्ट, पिंढरीवर जरा सैल, आणि गुडघ्याखाली येऊन दातेरी क्लिप. मध्येच ती अंगठ्याचं नख दाबून बघायची, पांढरं झालेलं परत लाल होतंय ना. "आवळतंय?" "नाही." एवढंच बोलणं. दुसरा पाय. रात्री सोडलेली पट्टी धुवून दोरीवर, आणि वाळली की ती पुन्हा घट्ट गुंडाळून ठेवायचं काम माझं. सैल गुंडाळली तर सकाळी आईची बोलणी.

1984 च्या पावसाळ्यात आप्पा धाकट्या काकांच्या कर्जाला जामीन राहिले. आईला न सांगता. ते निस्तरायला आईच्या पाटल्या गेल्या. दोघांत अबोला झाला, तो साधासुधा नव्हता. गौरी आल्या, गेल्या. दसरा झाला. जेवायला वाढणं माझ्यामार्फत, पगाराचं पाकीट देवापुढे. पण सकाळी सहाला पाय उशांवर आणि आई खाली बसलेली, यात एका दिवसाचा खंड नाही. फक्त ते "आवळतंय?" बंद झालं. ती नख दाबून बघायची आणि स्वतःच ठरवायची. आप्पा छताकडे बघायचे. मला तेव्हा वाटायचं की आई मुद्दाम जास्त आवळत असेल. मोठी झाल्यावर एकदा विचारलंही. ती म्हणाली, "जास्त आवळलं तर पाय काळा पडतो. रागाने कधी पट्टी बांधायची नसते."

मालिकेकडे परत येते.

गॉर्डो आणि ट्रेसी बाहेर पडतात, पळतात, जोडणी होते. टेप फाटते, कातडी भाजते. परत येतात, दार लागतं, हवा भरते, आणि उशीर झालेला असतो. मागून लोक येतात तेव्हा ते दोघं एकमेकांना धरून बसलेले. इंटरनेटवर सगळं कौतुक त्या धावण्याचं झालं, आणि धावणं आहेच थरारक. पण माझ्या लेखी धावण्याआधीचा प्रसंग मोठा. दोघं थट्टा करतायत, घाबरलेत, आणि तरी हात नीट काम करतायत. लेखकांनी इथं मोठी भाषणं ठेवली नाहीत, याबद्दल त्यांना शंभर गुन्हे माफ. आधीच्या नऊ भागांत गॉर्डो तिला काय काय बोलून बघतो. त्यातलं काहीच इतकं चालत नाही, जितकं हे एकमेकांच्या अंगाभोवती फिरणं.

आणि गुन्हे आहेतच. पोशाख नेमके दुसरीकडे असणं, मदत नेमकी न पोचणं, भट्टीचं घड्याळ भागाच्या लांबीशी जुळणं. हे सगळं शिवण दिसावी तसं दिसतं. पुढच्या सीझनमध्ये तर या दोघांचा पुतळा उभा राहतो, त्यांच्यावर सिनेमा निघतो, आणि त्यांची मुलं त्या पुतळ्याच्या सावलीत पार भरकटतात. तिथं मालिकेने आपल्याच शेवटाची जरा खोड काढली, ते मला आवडलं. ब्राँझमध्ये ओतल्यावर टेप राहत नाही, धावणंच राहतं.

हा भाग संपला तेव्हा दीड वाजला होता. सगळ्यात शेवटी कॅमेरा चंद्र सोडून दूर जातो, 1995 साल येतं आणि मंगळाच्या लाल मातीवर एक बूट पडतो. इअरफोन काढला. आतून आईचा आवाज, "किती झालं बघ गं." 93.

आप्पा त्यातून उठले. सावकाश, दोन महिने घेऊन. ऑक्सिजन लागला नाही, कशाने लागला नाही ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. छापखाना केव्हाच बंद झाला, पण शिरा राहिल्या. आता बाजारात चढवायचे मोजे मिळतात, ते मी आणून दिले. आप्पा म्हणतात टोचतात. आईची बोटं संधिवाताने वाकडी झालीत, तरी पट्टी तीच बांधते.

दिवाळीत मी मोबाइल टीव्हीला जोडून आईला तेवढाच प्रसंग दाखवला. आधीचं काही सांगितलं नाही. नवरा-बायको आहेत, सोडचिठ्ठी झालीय, बाहेर हवा नाही, एवढंच. तिने चष्मा वर सरकवून, वाती वळता वळता बघितलं. ते दोघं धावायला लागल्यावर आईचं लक्ष उडालं. मी थांबवलं.

"कसं वाटलं?"

"पहिल्यांदा कुणी कुणाला गुंडाळलं?"

"म्हणजे?"

"ज्याला आधी गुंडाळलं त्याला मग वाकता येणार नाही की. गुडघा ताठ होतो. मग त्याने दुसऱ्याचे पाय कसे बांधले?"

कॉटवरून आप्पा म्हणाले, "त्याने तिला आधी बांधलं असेल."

"मग त्याचे पाय ढिले राहिले असणार," आई म्हणाली. वात ताम्हनात ठेवली, हात पदराला पुसला. "मागं घे बघू."

मी मागे घेतलं.